हिमानी साळुंखेचं थांबवलेलं प्रोफाइल

मंगळवार, ९ सप्टेंबर २०२५

आज दुपारी चार वाजून सतरा मिनिटांनी हिमानीचं प्रोफाइल बंद करण्यात आलं. वेळ मी भिंतीवरच्या घड्याळात नाही, लॅपटॉपच्या कोपऱ्यात पाहिली. उद्या कुणी हुज्जत घालायला नको.

ती माझ्या जेवणाच्या टेबलाशी बसली होती, मी चहा गाळत होते. पडद्यावर लाल पट्टी आली. 'अलीकडच्या एका सत्रात ओळख जुळली नाही. चौकशी पूर्ण होईपर्यंत प्रोफाइल थांबवण्यात येत आहे.' मजकूर इंग्रजीत होता आणि त्यात एक स्वल्पविराम चुकीच्या जागी होता.

ओळख जुळली नाही! दोन महिने ही मुलगी आठवड्यातून चार दिवस त्याच खुर्चीत बसून त्याच कॅमेऱ्याशी बोलते आहे. आमच्या सोसायटीचा वॉचमन तिला ओळखतो, त्याचं कुत्रं ओळखतं. विद्यापीठाचं पोर्टल तेवढं ओळखत नाही.

"हे काय गं?" मी विचारलं.

तिने पट्टी दोनदा वाचली. माझ्याकडे पाहिलं. मग लॅपटॉप मिटून म्हणाली, "पता नहीं, काकू. आप चाय लीजिए, ठंडी हो जाएगी."

चहा! अमौसी विमानतळावर प्रवाशांची कामं पाहणारी एक कंपनी तिच्या विद्यापीठातून दहा मुलं घेणार आहे. विद्यापीठ त्यांना यादी देणार शनिवारी, २० तारखेला. यादीत नाव यायचं तर पोर्टलवर प्रोफाइल चालू हवं आणि सरावाच्या मुलाखतीत सत्तरच्या वर गुण हवेत. हिमानीला अठ्ठ्याहत्तर आहेत. पण थांबवलेलं प्रोफाइल यादीत जात नाही. अकरा दिवस उरलेत, आणि बाईसाहेबांना चहाची काळजी.

दैनंदिनी लिहायचं मी निवृत्तीच्या दिवशी सोडलं होतं. आज पुन्हा वही उघडली, कारण भांडायचं तर तारखा हव्यात. माझं नाव शर्मिष्ठा मुंडले, वय एकोणसत्तर, मुक्काम गोमती नगर, लखनौ. तेहेतीस वर्षं अमौसीला एका विमान कंपनीत काढली, त्यातली शेवटची अकरा नव्या मुलामुलींच्या मुलाखती घेण्यात. लाल पट्ट्यांना मी घाबरत नाही.

बुधवार, १० सप्टेंबर

तक्रारीत राग आधी आणि हकिकत मागाहून आली की समोरचा माणूस राग वाचतो आणि हकिकत सोडून देतो. तेव्हा आज हकिकत.

हिमानीचे वडील पंढरीनाथ साळुंखे सांगलीकडच्या खानापूर तालुक्यातले. इथल्या जुन्या चौक भागात त्यांचं गलाईचं दुकान आहे, म्हणजे सराफांकडून आलेलं जुनं सोनं-चांदी भट्टीत वितळवून शुद्ध करून द्यायचं. त्या तालुक्यातली घरंच्या घरं या कामासाठी देशभर पांगली आहेत. हिमानी इथेच जन्मली. मराठी सगळं कळतं, उत्तर हिंदीत, आणि हिंदीही अशी की ऐकणाऱ्याने आधी बूट काढावेत.

जूनमध्ये मराठी मंडळाच्या बैठकीत ती माझ्याजवळ येऊन उभी राहिली. "काकू, आप एयरपोर्ट पर थीं ना? वहाँ इंटरव्यू में क्या पूछते हैं?"

मी म्हटलं, "मान वर करून विचारतेस का ते आधी बघतात."

तिने मान वर केली. तेवढ्यावर मी तिला घरी बोलावलं. दुकानावरच्या दोन खोल्यांत खालच्या भट्टीचा भाता चालू असतो आणि तिच्याकडे फोन तेवढा आहे. म्हणून दोन ई-रिक्षा बदलून ती माझ्याकडे येते, माझ्या लॅपटॉपवर पोर्टल उघडते.

खरं लिहायचं तर पोर्टल हा शब्द ऐकून मी नाक मुरडलं होतं. नागपूरला कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर बर्नाडेट आम्हाला जिन्याच्या खालच्या पायरीवर उभं करून वरच्या मजल्यावर ऐकू जाईल असं बोलायला लावायच्या. बोलणं असं शिकतात. यंत्र काय शिकवणार?

पहिल्याच आठवड्यात यंत्राने माझं तोंड बंद केलं. अर्जासोबत द्यायची माहिती भरायची होती. अनुभवाच्या चौकटीत हिमानीने लिहिलं, 'काही नाही.' मी होकार दिला. वीस वर्षांच्या मुलीला कुठला अनुभव? पोर्टलने मात्र पुढचा प्रश्न टाकला: घरच्या व्यवसायात मदत करता का? कोणती? ग्राहकांशी बोलता का? नाराज ग्राहकाचा एखादा प्रसंग सांगा.

तेव्हा कळलं की पंधराव्या वर्षापासून ही मुलगी दुकानात तोलकाट्यावर बसते. वितळवल्यावर सोनं अपेक्षेपेक्षा कमी निघालं, आजीच्या बांगडीत निम्मं तांबं होतं, हे माणसाला सांगायचं काम तिचं. तेही त्याच्या बायकोदेखत. उडणार नसलेल्या विमानाच्या प्रवाशांपुढे उभं राहायला याहून चांगली तयारी माझ्या अकरा वर्षांत एकाही उमेदवाराची नव्हती. त्याआधी दोन आठवडे ती माझ्यासमोर बसत होती आणि मी हे विचारलं नव्हतं. यंत्राने विचारलं.

मग सरावाच्या मुलाखती. पडद्यावर एक बाई प्रश्न विचारते, आपण उत्तर द्यायचं, शेवटी गुण आणि कारणं. पहिल्या वेळी हिमानीला अडतीस. कारण: नजर खाली, आवाज हळू, आणि दहा मिनिटांत सेहेचाळीस वेळा 'जी'. मी म्हटलं जी टाकून दे, एकूण एक. ती म्हणाली, "सब नहीं छूटेंगे, काकू. बदतमीज़ी लगती है." एकतीस मुलाखती दिल्या तिने. एकतीस! मी सातव्याला कंटाळून भाजी निवडायला गेले. यंत्र कंटाळलं नाही, हिमानीही नाही.

शेवटी जी राहिले चार, गुण झाले अठ्ठ्याहत्तर.

मी स्वतःही एकदा बसून पाहिलं. गेल्या शनिवारी, अनंत चतुर्दशीला, ती मंडळाच्या विसर्जनात होती आणि लॅपटॉप इथे उघडाच राहिला होता. त्या पडद्यावरच्या बाईला मी बारा मिनिटं नीट उत्तरं दिली. तिचे दोन प्रश्न इतके ढिसाळ होते की ते कसे विचारावेत हेही सांगितलं. एक्केचाळीस गुण! शेरा: 'समोरच्याचं ऐकून घेण्याचा सराव करा.' तेहेतीस वर्षं प्रवाशांचं ऐकून घेतलेल्या बाईला! झाकण आपटून उठले.

असल्या यंत्राला चेहरा ओळखता न येण्यात नवल ते काय. परवा तिने केस सरळ करून घेतले होते, त्याने बावचळलं असणार. तक्रारीत केसांचा मुद्दा घालते.

शुक्रवार, १२ सप्टेंबर

विद्यापीठाच्या करिअर कक्षाला तीन पत्रं ई-मेलने धाडली. तिन्हींना एकाच सेकंदात एकच उत्तर: 'आपलं म्हणणं आमच्यासाठी मोलाचं आहे.' माझं म्हणणं वाचायला एका सेकंदापेक्षा जास्त वेळ लागतो.

हिमानीला विचारलं, त्यांनी काही खुलासा मागितला का? मागितला होता. मंगळवारीच. फॉर्ममध्ये एक चौकट: 'त्या सत्रात कोण होतं ते लिहा.' तिने फॉर्म पाठवला. चौकट कोरी ठेवून!

"कोरी? अगं, मीच होते असं ठणकावून लिहायचं!"

"वो झूठ होता, काकू."

"खोटं कसं? तूच होतीस ना?"

ती रुमालाच्या घड्या घालत बसली. "रहने दीजिए ना. और भी कंपनियाँ आएँगी."

मी नको ते बोलले. कणा नाही म्हणाले, इतकं शिकवून गोगलगाय ती गोगलगायच म्हणाले. डोळ्यांत पाणी आलं तिच्या, पण उलट शब्द नाही. जाताना माझ्या औषधांच्या गोळ्या डबीत वारानुसार भरून गेली. याचाच मला राग येतो. भांडायला हवं तिथे ही मुलगी कामं करते.

रविवार, १४ सप्टेंबर

पंढरीनाथ आले होते, हिमानीला घेऊन. पांढरा शर्ट, बोटं सोनं शुद्ध करायच्या तेजाबाने, म्हणजे अ‍ॅसिडने, पिवळी पडलेली. सोफ्याच्या अगदी कडेला बसले.

"बाई, लई तरास दिला पोरीनं तुमास्नी."

"त्रास तिने नाही, विद्यापीठाने दिलाय. आणि नीट मागे टेकून बसा, सोफा मोडत नाही."

हसले, पण टेकले नाहीत. मग ज्यासाठी आले होते ते बोलले. तेजाबाच्या धुराने छाती गेली आहे, डॉक्टरने भट्टीसमोर बसायला बंदी केली. दसऱ्याला दुकान दुसऱ्याला देऊन ते विट्याजवळच्या गावी परत चालले.

"ही म्हनती, मला हितंच ऱ्हायचंय. म्या म्हनलं, नोकरी लागली तर ऱ्हा. माजी मावसबहीण हाय वृंदावन योजनेच्या कालनीत, तितनं अमौसी जवळ. न्हाई लागली तर सामान बांध. एकटी पोर बिनकामाची परमुलखात कशी ठिवू?"

"परमुलूख तुमचा. तिचा नाही."

"त्ये बी खरं." थोडा वेळ त्यांना खोकला आला. "गावाकडं गेली की समदी तिला लखनौची पाव्हनी म्हनत्यात. आन् खरं सांगू का बाई, दुकानात गिऱ्हाईक नसलं की ती त्या मशीनसंगं बोलाय बसती, फोनवर. मला काय कळत न्हाई विंग्रजी. पर आवाज कळतो. आदी आवाज असा हुता," त्यांनी हात गुडघ्यापाशी धरला, "आता असा." हात खांद्याच्या वर गेला.

इतकं सरळ कौतुक मी बापाच्या तोंडून क्वचित ऐकलं आहे.

मग म्हणाले, "खातं का बंद केलं म्हून म्या इचारलं. तर म्हनली, बाबा, कुनामुळं ते मला ठावं हाय. पर मोठ्या मानसाचं नाव कागदावर घालाय नगं."

मी ताठ झाले. "मोठं माणूस? कोण?"

"सांगंना की ती. तुमीच इचारा."

स्वयंपाकघरातून हिमानी हातात पेले घेऊन जवळपास धावत आली. "बाबा! चलिए, बुआ राह देख रही होंगी."

म्हणजे गोम आहे. कुणी तरी बडं माणूस. एखाद्या प्राध्यापकाची मुलगी हिच्या नावाने मुलाखतीला बसली असणार किंवा कुणा नेत्याचा भाचा. आणि ही गप्प! मोठ्यांचा मान राखायचा म्हणून आपलं भविष्य त्याच्या खिशात घालायचं?

मंगळवारी मी स्वतः विद्यापीठात जाते. नाव काढल्याशिवाय परत येणार नाही.

मंगळवार, १६ सप्टेंबर

नाव निघालं.

सकाळी साडेदहाला टॅक्सीने गेले. करिअर कक्ष म्हणजे तळमजल्यावरची एक खोली, दोन कपाटं, तीन संगणक आणि एक माणूस. लक्ष्मीकांत मिश्र, पन्नाशीचे, चष्म्याची एक दांडी चिकटपट्टीने जोडलेली. माझं नाव ऐकताच उभे राहिले.

"मुंडले मैडम! आपके तीनों ईमेल पढ़े हैं. दूसरा वाला तो मैंने प्रिंट करके रखा है."

"का? नियमावलीला जोडायला?"

"नहीं, बच्चों को दिखाने. शिकायत ऐसी लिखी जाती है."

भांडायला आलेल्या बाईशी असं वागणं हा अन्याय आहे. तरीही मी उभ्यानेच सुरू केलं. केस, उजेड, कॅमेरा, बडं माणूस, प्राध्यापकाची मुलगी, नेत्याचा भाचा. त्यांनी सगळं ऐकलं. मध्ये एकदाही तोंड घातलं नाही. दोन मुली दारात आल्या, त्यांना खुणेने बाकावर बसवलं. मग संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला.

"मैडम, एक बार देख लीजिए."

पडद्यावर माझं जेवणाचं टेबल होतं. मागे माझा फ्रिज. आणि खुर्चीत, चष्मा कपाळावर, घरातल्या सुती साडीत, कॅमेऱ्यावर बोट रोखून मी.

खाली माझी वाक्यं जशीच्या तशी उतरवलेली होती. 'पहिला प्रश्न पुन्हा विचारा, या वेळी नीट.' 'तुम्हाला माझ्या उणिवा विचारायच्या असतील तर आधी माझं काम विचारा.' 'हा शेवटचा प्रश्न तुम्हाला कुणी लिहून दिला?' वर तारीख: ६ सप्टेंबर. नाव: हिमानी पंढरीनाथ साळुंखे. प्रयत्न: बत्तिसावा.

मी बसले. खुर्ची त्यांनी पुढे केली होती की आधीच तिथे होती, आठवत नाही.

"विद्यार्थी की जगह कोई और बैठे तो प्रोफाइल अपने-आप रुक जाती है," मिश्र म्हणाले. "कुछ बच्चे सचमुच दूसरों को बिठाते हैं, तो यह चेक ज़रूरी है. यहाँ मैं समझ रहा था कि बात कुछ और है. कोई अपनी जगह इकतालीस नंबर लाने वाले को क्यों बिठाएगा?"

"धन्यवाद," मी म्हटलं.

"मैंने उसे बुलाकर पूछा. दो बार. बस इतना लिख दो कि कौन हैं ये. बोली, सर, वो मेरी बड़ी हैं, काग़ज़ पर नाम नहीं दूँगी. मैंने कहा, उनसे कहो वो ख़ुद लिख दें. बोली, उन्हें पता चला तो बुरा लगेगा."

बाकावरच्या मुली ऐकत होत्या. ऐकू देत.

त्यांनी पुढचं समजावलं. समिती शुक्रवारी दुपारी चार वाजता बसते, चार माणसं. खुलासा कोरा असेल तर ते आरोप मान्य समजतात. त्या सत्रात जी व्यक्ती होती तिने स्वतः लेखी दिलं तरच प्रोफाइल पुन्हा सुरू करता येतं. हे त्यांनी मला पत्राने का कळवलं नाही, असं मी विचारलं. नियमाप्रमाणे विद्यार्थ्याच्या चौकशीची माहिती ते तिसऱ्या माणसाला देऊ शकत नाहीत. पडद्यावर चेहरा दिसल्यावर मी तिसरी उरले नाही.

चार हजार दोनशे विद्यार्थी, आणि कक्षात हे एकटे. पोर्टल आल्यापासून, म्हणाले, ज्यांनी कधी दारात पाऊल टाकलं नसतं ती मुलंही सराव करतात. मलीहाबादच्या आंब्याच्या बागेतून एक मुलगा झाडाखाली बसून करतो. प्रत्येकाची शेवटची मुलाखत मिश्र स्वतः बघतात. हिमानीची एकतिसावी त्यांनी पाहिली आहे. "चार 'जी' हैं उसमें," ते म्हणाले, "चारों सही जगह पर."

मी त्यांच्याशी हात मिळवला. गेल्या वीस वर्षांत मी कुठल्या कार्यालयातून अशी बाहेर पडले नाही.

बुधवार, १७ सप्टेंबर

हिमानी चारला आली. मी आज चहा केला नाही. टेबलाशी समोरासमोर बसवलं.

"पट्टी आली तेव्हाच तुला कळलं?"

"जी."

"कसं?"

"छह तारीख़ की रिकॉर्डिंग तो मैंने सात को ही देख ली थी, काकू."

"आणि मला सांगितलं नाहीस. मी तुला गोगलगाय म्हटलं तेव्हाही नाही."

तिने खांदे किंचित उचलले. "आप बड़ी हैं. आपने मेरे लिए इतना किया. मैं काग़ज़ पर लिखूँ कि ग़लती इनकी है, और चार लोग बैठकर पढ़ें?"

"मग तुझं काय होणार होतं?"

"सामान बाँध लेती," ती म्हणाली. अगदी साध्या आवाजात.

मी लॅपटॉपचं झाकण उगाच पदराने पुसलं. तिलाच अवघडल्यासारखं झालं असावं, कारण ती हसली. "वैसे, आपकी रिकॉर्डिंग मैंने तीन बार देखी."

"हसायला?"

"पहली बार हँसने के लिए. फिर सीखने के लिए. वो नाराज़ मुसाफ़िर वाले सवाल पर जो आप बोलीं ना, फ्लाइट छूट गई है, मैं उसे वापस नहीं बुला सकती, लेकिन आपके साथ यहीं खड़ी हूँ. मैं तो सॉरी-सॉरी करती रह जाती. आप झुकी भी नहीं और वो आदमी अकेला भी नहीं रहा."

असं मी म्हटल्याचं मला आठवतही नव्हतं. काउंटरवर हजार वेळा म्हटलं असेल. त्या वाक्याला यंत्राने गुण दिले होते का, मी विचारलं. दिले होते. त्या एकाच उत्तराला दहापैकी नऊ. माझ्या रागात मी ते वाचलंच नव्हतं.

ती गेल्यावर वही उघडली. एक गोष्ट कुठेच लिहिलेली नाही, ती इथे लिहिते. दोन हजार पाच साली, की सहा, मी मुलाखतीच्या मंडळावर होते आणि बाराबंकीची एक मुलगी आली होती. सलवार-कमीज, नजर टेबलावर, प्रत्येक वाक्यात जी. दोन मिनिटांत मी तिच्या कागदावर फुली मारली. शेजारचे गृहस्थ म्हणाले, आणखी एक प्रश्न विचारू या. मी म्हटलं, कशाला वेळ घालवायचा. ती आभार मानून गेली, का ते तिला कुणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर एकतीस वेळा सराव करायची तयारी तिचीही असती कदाचित. कॉन्व्हेंटच्या जिन्यावर उभं राहायला मिळालेल्या मुली तेव्हा निवडल्या जायच्या आणि निवडणारीही तिथलीच होती.

हे यंत्र निदान कारण सांगतं, आणि उद्या पुन्हा ये म्हणतं.

आज समीरला फोन केला. माझा मुलगा, बंगळूरला असतो. सगळं सांगितलं. तो इतका हसला की फोन दूर धरावा लागला. मग म्हणाला, "आई, तू माफी मागणार? लेखी? मला त्याची प्रत हवी." त्यालाही पाठवते.

गुरुवार, १८ सप्टेंबर

सकाळी चार खर्डे फाडले. पहिल्या तिन्हींत मी माफी मागता मागता तिसऱ्या ओळीत पोर्टलच्या स्वल्पविरामावर घसरले होते. पाचवा हा. हिंदीत लिहून मिश्रांच्या हातात आज साडेअकराला दिला आणि पोच घेतली. मराठी इथे उतरवते.

अध्यक्ष, करिअर कक्ष समिती, यांस.

१. दिनांक ६ सप्टेंबर रोजी हिमानी पंढरीनाथ साळुंखे हिच्या खात्यातून दिलेल्या बत्तिसाव्या मुलाखतीत जी व्यक्ती दिसते ती मी आहे. मला कुणी बसवलं नाही. हिमानी त्या वेळी गोमतीच्या घाटावर होती, याला मराठी मंडळाचे चाळीस लोक साक्षी आहेत. मी कुतूहलापोटी बसले, आणि मला यंत्रापेक्षा जास्त कळतं हे दाखवायला बसले. एक्केचाळीस गुण माझे आहेत. ते तिच्या नावावरून काढून टाकावेत.

२. तिने खुलाशाची चौकट कोरी ठेवली ती दोष मान्य म्हणून नव्हे. माझ्यासारख्या म्हातारीची शोभा होऊ नये म्हणून. आपल्या शहरात याला तहज़ीब म्हणतात, ते समितीला मी सांगायला नको. कंपनीला प्रवाशांशी वागायला कशी माणसं हवीत, असा प्रश्न आपल्याच पोर्टलवर आहे. त्याचं उत्तर ती कोरी चौकट समजावी.

३. माझ्या आधीच्या तीन पत्रांत मी पोर्टलला आंधळं, बिनडोक आणि उर्मट म्हटलं होतं. तिन्ही शब्द मागे घेते. चेहरा त्याने बरोबर ओळखला. ते या मुलीला दोन महिन्यांत जे देऊ शकलं ते मी अकरा वर्षं मुलाखती घेऊन एकालाही दिलं नाही. श्री. लक्ष्मीकांत मिश्र एकटे हे काम ज्या मनाने करतात त्याबद्दल समितीने त्यांना एक मदतनीस द्यावा. ही विनंती आहे, पुढची मागणी आहे.

४. चौकशीच्या नोंदीत दोषी म्हणून माझं पूर्ण नाव लिहावं: शर्मिष्ठा दीनानाथ मुंडले. हिमानीच्या नोंदीत काहीही राहू नये, शंकाही नाही. तिचं प्रोफाइल अठ्ठ्याहत्तर गुणांसह पूर्ववत सुरू करावं आणि शनिवारच्या यादीत तिचं नाव असावं.

५. यंत्राचं एका सेकंदातलं उत्तर मी उत्तर मानणार नाही, फोनवरचं आश्वासनही नाही. समिती चारला बसते हे मला ठाऊक आहे. या एका प्रकरणासाठी तिने लवकर बसावं, कारण पाचला कार्यालय बंद होतं आणि शनिवारी सकाळी यादी जाते. निर्णय लेखी हवा, कागदावर, सहीचा आणि शिक्क्याचा. तो माझ्या नव्हे, हिमानी साळुंखेच्या नावाने हवा, तिच्या वडिलांना हातात धरून वाचता येईल असा, सोप्या हिंदीत. उद्या सकाळी दहापासून मी आपल्या कक्षाबाहेरच्या बाकावर बसलेली असेन.

उत्तर शुक्रवार, १९ सप्टेंबर २०२५, दुपारी तीनच्या आत हवं.